मज्जा, मगज आणि मगजी

विचारणा अशी आली आहे : "मेंदूवरच्या एका व्याख्यानात वक्ते सारखे 'एमआरआयनं बाह्यकातल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) मज्जेचा नकाशा काढतात' असं म्हणत होते. मज्जा तर हाडात असते ना? मग मायलिनला, म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या वेष्टनाला, मज्जा म्हणणं बरोबर आहे का?"

आधी माझी कुरकुर ऐका. पुण्यातल्या कुठल्याही सभागृहात 'मज्जा' म्हटलं की मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसतंच. अहो, 'मज्जा आली'मधली मज्जा म्हणजे फारसी 'मजा', म्हणजे मुळात चव. लाडानं तिचा ज दुप्पट केला, एवढंच. तिच्यातला ज 'जवळ'मधला, हाडातल्या मज्जेचा ज 'जन्म'मधला. उच्चार नीट करा, हसू आपोआप थांबेल.

आता मुद्दा. हाडातल्या वस्तूचं नाव मेंदूतल्या वस्तूला देण्याचा उद्योग तुमच्या वक्त्यांचा नाही, जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोचा. मज्जातंतूंभोवतीच्या या स्निग्ध वेष्टनाला त्यानं १८५४ साली 'मायलिन' म्हटलं, ते ग्रीक 'म्येलॉस'वरून, आणि म्येलॉस म्हणजे हाडातला गर. आपल्याकडेही मज्जासंस्था, मज्जारज्जू, मज्जातंतू हे शब्द आहेतच, त्यांत हाड कुठे आहे?

पण खरी गंमत पुढे आहे. 'मज्जन्' हा मज्जेचा मूळ संस्कृत शब्द व्याकरणातल्या उणादिसूत्रांत मूर्धन्, प्लीहन् यांच्या पंगतीला बसवलाय आणि 'मस्ज्', म्हणजे बुडणे, या धातूतून काढलाय. आपट्यांच्या संस्कृत कोशातही तेच. हाडात बुडालेली म्हणून मज्जा! ही व्युत्पत्ती नव्हे, समजूत काढणं आहे. पारशांच्या अवेस्तात 'मज्ग' आहे, फारसीत 'मग्ज', रशियनमध्ये मेंदूला 'मोज्ग' म्हणतात, इंग्रजी 'मॅरो' याच घरातला. ही सगळी भावंडं कुठल्या डोहात बुडाली होती? आपट्यांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, इथे धातूचा हट्ट नडला.

त्या फारसी 'मग्ज'चाच आपला 'मगज'. म्हणजे मगज आणि मज्जा सख्खी चुलत भावंडं, एक मुसाफिरी करून आलेलं, एक घरात वाढलेलं. फारसीत मग्ज म्हणजे मेंदू, हाडातला गर आणि बियांचा गरही. रविवार पेठेतल्या दुकानात 'मगज बी' मागितलं की कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या पांढऱ्या बिया पुडीत बांधून मिळतात. साल काढून आतला गर, तो मगज.

आणि 'मगजी'? हा शब्द आज कोण वापरतं? माझी आत्या गोधडीच्या कडेला तिरक्या कापाची पट्टी दुमडून, आत दोरी घालून शिवायची आणि म्हणायची, "मगजी घट्ट बसली की कड उसवत नाही." दोरी आत, पट्टी भोवती. तंतू आत, मायलिन भोवती! मायलिनला याहून चांगला मराठी शब्द मला तरी सुचत नाही. 'मेदावरण' सुचवणाऱ्यांनी मायलिनच्या कोरड्या वजनातला सत्तर-ऐंशी टक्के भाग स्निग्ध असतो हे बरोबर हेरलं, पण शब्द ऐकून डोळ्यांपुढे पोटाचा घेर येतो त्याचं काय?

मगजी मेंदूत नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इटलीतल्या पार्म्याच्या फ्रांचेस्को जेन्नारी या विद्यार्थ्यानं १७७६ साली गोठवलेला मेंदू कापला, तेव्हा मागच्या भागातल्या बाह्यकात त्याला एक पांढरी रेघ दिसली. दृष्टीच्या क्षेत्रातल्या मायलिनची ती पट्टी, अगदी कापडाच्या कडेनं धावणाऱ्या गोटासारखी.

हां, एमआरआय. 'एमआरआयमध्ये मायलिन दिसतं' हे वाक्य मात्र मला मज्जेहून जास्त खुपतं. यंत्राला मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत मिळतो. मायलिन किती ते त्यावरून ताडायचं. एमआरआयची चित्रं दोन धाटणींनी काढता येतात : टी-वन धाटणीच्या चित्रात मायलिनची जागा उजळ येते, टी-टू धाटणीच्या चित्रात काळपट. ग्लासर आणि व्हॅन एसेन या मेंदू-संशोधकांनी २०११ मध्ये पहिल्या चित्राला दुसऱ्यानं भागलं. फरक ठळक झाला आणि यंत्रामुळे पडणारी कमीजास्त उजेडाची छटा बरीचशी भागाकारातच गेली. दृष्टी, श्रवण, स्पर्श, हालचाल यांची प्राथमिक क्षेत्रं ठसठशीत उठली, मधले विचारबिचाराचे प्रदेश फिके राहिले. २०१६ मध्ये बाह्यकाच्या दर अर्ध्या भागात १८० क्षेत्रं आखली गेली, त्यात इतर मोजमापांबरोबर हा नकाशाही होता. पण या संकेतात मेंदूतल्या लोहाचाही हात असतो. तेव्हा 'दिसतं' नको, 'अदमास येतो' म्हणा.

तुमचा प्रश्न राहिलाच. वक्ते मुळाच्या दृष्टीनं बरोबर, वापराच्या दृष्टीनं घोटाळ्याचे. लेखात सरळ 'मायलिन' लिहा. 'मगजी' लिहिण्याचं धाडस केलंत, तर छापून आल्यावर कात्रण पाठवा. आत्याच्या गोधडीशेजारी ठेवीन.