नाताळच्या खर्चासाठी दरमहा दोन हजार साठवायचे आहेत, सोलापुरात सुरक्षित खातं कोणतं?

तुम्ही तीन पर्याय लिहिलेत: साडेनऊ टक्के देणारी पतसंस्था, शेजारच्या काकूंची भिशी आणि सहा टक्क्यांची बँकेची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायची आवर्ती ठेव. पैसे लागणार आहेत पुढच्या नाताळला, म्हणजे कपडे, केक-करंज्या, चर्चची वर्गणी आणि गावाकडून येणारे पाहुणे. मी सोलापुरातच बँकेत बरीच वर्षं काउंटरवर बसलो, त्यामुळे आधी सवयीने हिशेब मांडतो.

वर्षात तुम्ही चोवीस हजार भरता, पण पूर्ण बारा महिन्यांचं व्याज मिळतं ते फक्त पहिल्या हप्त्याला. शेवटच्या हप्त्याला जेमतेम एका महिन्याचं. चक्रवाढ सोडून ढोबळ धरलं तर सहा टक्क्यांनी ७८० रुपये होतात आणि साडेनऊ टक्क्यांनी १,२३५. फरक ४५५ रुपयांचा. चाटी गल्लीच्या कापडबाजारात कितीही घासाघीस केली तरी एवढ्यात घरातल्या सगळ्यांचे कपडे काही येत नाहीत. तेव्हा व्याजदर बाजूला ठेवा आणि एवढंच बघा की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे पैसे हमखास हातात पडतील का.

सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची नाही, सहकार खात्याची देखरेख असते आणि तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा नसतो. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, तो असतो: एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा १ लाखच होती. पाटीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे, तिच्यात नाव बघा.

विमा असला तरी पैसे वेळेवर मिळतीलच असं नाही, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या सोलापूरच्याच लक्ष्मी सहकारी बँकेवर निर्बंध घातले. तेव्हा ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. सुमारे ९९ टक्के ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळायला पात्र होते, म्हणजे बहुतेकांचे पैसे बुडाले नाहीत. पण महिना बघा, नोव्हेंबर! २०२१ च्या कायदा दुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात. नोव्हेंबरात अडकलेला पैसा फेब्रुवारीत सुटला, तर नाताळ सोडाच, संक्रांतीची गड्ड्याची यात्राही उलटून गेलेली असते. म्हणून तारीख ठरलेल्या पैशांसाठी मी राष्ट्रीयीकृत बँकच सांगेन.

भिशीत काकूंच्या सचोटीपेक्षा तुमचा नंबर कितवा हे महत्त्वाचं. पहिला नंबर लागला तर तुम्ही बिनव्याजी कर्ज घेतलंत. तुम्हाला तर डिसेंबरचा, म्हणजे शेवटचा नंबर हवाय. शेवटचा माणूस वर्षभर बाकी सगळ्यांना उधार देत असतो आणि मधे कोणी हप्ते थांबवले की खड्डा त्याच्याच वाट्याला येतो.

वर्षभर हप्ते घेऊन सणाला माल देणाऱ्या दुकानदारांच्या फंडात तर मुळीच अडकू नका. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी नाताळच्या खाऊ-भेटवस्तूंसाठी लोकांकडून वर्षभर हप्ते घ्यायची. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण तोंडावर असताना, ती बुडाली आणि लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले. कायद्याच्या नजरेत ती ठेव नव्हतीच, मालाचे आगाऊ पैसे होते, त्यामुळे बँक ठेवीसारखं संरक्षणही नव्हतं.

पोस्टाला सरकारची हमी आहे, पण तिथली आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. एका वर्षाच्या सणाला तिचा उपयोग नाही. पोस्टाचं साधं बचत खातं चालेल, ते ५०० रुपयांत उघडतं आणि चार टक्के देतं.

आता आरडीची गंमत. लोक नव्या वर्षाचा संकल्प म्हणून ती जानेवारीत उघडतात. बारा महिन्यांची आरडी मग पुढच्या जानेवारीत पिकते, नाताळ संपल्यावर! तुमची नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उघडा. तो मुहूर्त हुकला असेल तर नऊ महिन्यांची मिळते का विचारा. काही बँका बारा महिन्यांखाली घेत नाहीत. तसं झालं तर त्याच बँकेत वेगळं बचत खातं ठेवा आणि महिन्याचा पहिला पगार झाला की दुसऱ्या दिवशी दोन हजार तिकडे वळते होतील अशी कायमची सूचना देऊन टाका. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्डही घेऊ नका. फोनवर दिसणारा पैसा गणपतीतच संपतो, हा काउंटरवरचा अनुभव आहे. खातं नवरा-बायको दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं करा आणि वारसाचं नाव लावून घ्या.

तुमचा पगार आठवड्याला होतो, म्हणून हेही विचारून ठेवा: एखादा हप्ता चुकला तर दंड किती, आणि लागोपाठ हप्ते चुकले तर आरडी बंद करतात का. लूमला, म्हणजे यंत्रमागाच्या धंद्याला, मंदी आली की हप्ते चुकतातच. तशी धाकधूक असेल तर आरडीच्या भानगडीत न पडता वेगळं बचत खातंच ठेवा. व्याजात दोन-चारशे कमी मिळतील, पण दंडाची कटकट नाही.