फॅन्टसी प्रीमियर लीगमध्ये सामन्यांची काठिण्यपातळी पाहावी की खेळाडूंची आकडेवारी?

इंग्लिश प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेवर आधारित फॅन्टसी स्पर्धेत, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बनवून त्यांच्या प्रत्यक्ष खेळावर गुण मिळवण्याच्या खेळात, संघ निवडताना पुढील सामने किती सोपे आहेत हे आधी पाहावे की खेळाडूची आकडेवारी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते खेळाडू आकडेवारीवरून निवडावा आणि त्याला संघात कधी घ्यायचे, कर्णधार कधी करायचे, हे सामन्यांवरून ठरवावे. मात्र या दोन्हींच्याही आधी तो मैदानावर किती मिनिटे राहणार आहे, याची खात्री करावी.

याचे कारण गुणपद्धतीतच आहे. ६० मिनिटे खेळणाऱ्याला २ गुण मिळतात, त्याहून कमी खेळणाऱ्याला १, आणि बचावपटूला क्लीन शीटचे, म्हणजे संघाने एकही गोल न स्वीकारल्याचे, ४ गुणही ६० मिनिटे खेळल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणूनच दर ९० मिनिटांमागचे आकडे पाहताना सावध राहावे. शेवटची वीस मिनिटे दमलेल्या बचावफळीसमोर खेळणाऱ्या राखीव खेळाडूचे हे आकडे फुगलेले दिसतात, पण तेवढ्यावरून तो पूर्ण सामन्यातही तसाच खेळेल असे मानता येत नाही.

आकडेवारीत मी गोलांपेक्षा एक्सजी, म्हणजे मिळालेल्या संधींवरून अपेक्षित असलेले गोल, अधिक विश्वासार्ह मानतो. एखाद्याने जेमतेम दीड एक्सजीवर चार गोल केले असतील, तर तो वेग टिकण्याची शक्यता कमी असते. पेनल्टीचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा, कारण एका पेनल्टीलाच साधारण पाऊण एक्सजी मिळतो आणि दोन पेनल्टींनी सामान्य खेळाडूची आकडेवारीही उजळते. तो संघाचा नेहमीचा पेनल्टी घेणारा असेल, तर गोष्ट निराळी.

आता काठिण्यपातळीकडे वळू. स्पर्धेचे अधिकृत मानांकन १ ते ५ असे असते आणि एका सामन्यासाठी बचावपटू व आघाडीवीर या दोघांनाही तोच आकडा लागू होतो. मला हाच त्यातला मोठा दोष वाटतो. भरपूर गोल करणारा आणि तितकेच स्वीकारणारा प्रतिस्पर्धी तुमच्या आघाडीवीरासाठी पर्वणी असतो, पण त्याच सामन्यात तुमच्या बचावपटूला क्लीन शीट मिळणे कठीण असते. त्यामुळे प्रतिस्पर्धी स्वतः किती एक्सजी निर्माण करतो आणि समोरच्या संघाला किती मिळू देतो, हे दोन स्वतंत्र रकान्यांत मांडावे आणि सामना कोणाच्या मैदानावर आहे तेही त्यात धरावे.

सोप्या सामन्याची नेमकी किंमत किती, हे एकदा आकडेमोड करून पाहण्यासारखे आहे. गोलांची संख्या पॉयसाँ वितरणाप्रमाणे (सरासरीवरून प्रत्येक संख्येची शक्यता काढण्याचे गणिती सूत्र) धरली, तर सरासरी १ गोल स्वीकारण्याची अपेक्षा असलेल्या संघाला क्लीन शीट मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के येते आणि अपेक्षा दीड गोलांची असेल तर ती २२ टक्क्यांवर उतरते. म्हणजे क्लीन शीटच्या ४ गुणांपैकी फरक पडतो तो सुमारे ०.६ गुणांचा, स्वीकारलेल्या दर दोन गोलांमागे होणारी १ गुणाची कपात धरली, तरी तो ०.८ च्या आसपासच राहतो. मोफत ट्रान्सफर, म्हणजे गुण न गमावता खेळाडू बदलण्याची संधी, संपल्यावर केलेल्या प्रत्येक बदलाला ४ गुण मोजावे लागतात. तेव्हा एका सोप्या सामन्यासाठी हे गुण गमावणे परवडत नाही. असा फरक सलग पाच सामने टिकणार असेल, तर ते कसेबसे भरून निघतात. कर्णधाराचे गुण दुप्पट होत असल्याने, दोन तुल्यबळ खेळाडूंतून त्याची निवड करताना मात्र मी सामन्यालाच प्राधान्य देतो.

२०२५-२६ च्या हंगामापासून यात आणखी एक मुद्दा आला आहे. टॅकल (चेंडू हिसकावणे), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणे), ब्लॉक (फटका अडवणे) आणि क्लिअरन्स (चेंडू गोलपासून दूर मारणे) मिळून एका सामन्यात १० कृती करणाऱ्या बचावपटूला २ गुण मिळतात. बलाढ्य संघासमोर पूर्ण वेळ दबावाखाली खेळणारा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) हा आकडा बऱ्याचदा गाठतो, त्यामुळे काठिण्यपातळी ५ दिसली म्हणून त्याला बाकावर बसवण्याआधी त्याच्या बचावात्मक कृतींची सरासरी अवश्य तपासावी.