क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या बातम्यांतील ‘मंजुरी’, ‘करार’, ‘यशस्वी चाचणी’ आणि ‘अडवले’ या शब्दांचा नेमका अर्थ काय?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. क्षेपणास्त्र खरेदीला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या वारंवार येतात, पण क्षेपणास्त्रे प्रत्यक्ष आल्याची बातमी कित्येक वर्षांनी येते, असे का, ही पहिली. आणि ‘चारशे किलोमीटर पल्ल्याची यंत्रणा’ म्हटले की तेवढ्या त्रिज्येचा मुलूख सुरक्षित झाला असे समजावे का, ही दुसरी. मी पिंपरी-चिंचवडमधील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात निविदांची कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो. आमचा माल थेट सैन्यदलांना जात नाही; मोठ्या कंपन्यांना आम्ही यंत्रभाग पुरवतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी रोजच्या कामातून देऊ शकतो, तर दुसऱ्याचे वाचन आणि थोडे अंकगणित यांच्या आधारे.

सर्वाधिक गोंधळ ‘मंजुरी’ या एकाच शब्दामुळे होतो. ३ जुलै २०२५ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण अधिग्रहण परिषदेने सुमारे १.०५ लाख कोटी रुपयांच्या दहा प्रस्तावांना संमती दिली; त्यांत जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रेही होती. ‘एक लाख कोटींची खरेदी’ असाच तिचा अर्थ बहुतेकांनी घेतला. परिषदेने प्रत्यक्षात दिली होती ती ‘एओएन’, म्हणजे आवश्यकतेची स्वीकृती. सैन्यदलाने मांडलेली गरज खरी आहे, तिची संख्या ठीक आहे आणि ती अमुक मार्गाने भागवावी, एवढेच या कागदावर मान्य केलेले असते. त्यात कोणत्याही कंपनीला काम दिलेले नसते, किंमत ठरलेली नसते आणि तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडलेला नसतो. बातमीत येणारा आकडा हा त्या टप्प्यावरचा अंदाज असतो. घरच्या व्यवहारात सांगायचे, तर घर बांधायचे असे घरच्यांचे एकमत झाले आहे, पण कंत्राटदाराला अजून बोलावलेले नाही.

हा फरक आम्ही ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी अशीच एक बातमी आली, तेव्हा आमच्या कारखान्यात पेढे वाटले गेले आणि कर्ज काढून एक यंत्र मागवण्याची तयारीही सुरू झाली. आमच्यापर्यंत पहिली चौकशी पोहोचायला त्यानंतर तीन वर्षे लागली, आणि ती पोहोचली तेव्हा भागाच्या रेखाटनाची आवृत्ती बदललेली होती. तेव्हापासून आमचे मालक बातमी वाचली की एवढेच विचारतात, “एओएन की करार?”

एओएनसोबत खरेदीचा वर्गही ठरतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेली नियमावली, म्हणजे संरक्षण अधिग्रहण कार्यपद्धती, ‘बाय इंडियन-आयडीडीएम’ या वर्गाला सर्वांत वरचे प्राधान्य देते. आरेखन, विकास आणि उत्पादन ही तिन्ही भारतात झालेली असावीत आणि कराराच्या मूल्यात किमान ५० टक्के भाग स्वदेशी असावा, अशी त्याची अट आहे. साधा ‘बाय इंडियन’ वेगळा: तिथे आरेखन परदेशी असले तरी चालते, पण मग स्वदेशी भाग किमान ६० टक्के लागतो. ‘स्वदेशी क्षेपणास्त्र’ हा शब्द बातमीत या दोहोंसाठी सरसकट वापरला जातो, आणि मग सामाजिक माध्यमांवर लोक ‘स्वदेशी म्हणता, मग हा भाग परदेशी कसा’ असे भांडत बसतात. नियमावलीने शंभर टक्के कधीच मागितलेले नसतात.

एओएननंतर निघते ‘आरएफपी’, म्हणजे पुरवठादारांकडून तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव मागवणारे रीतसर निविदापत्र. याच्याशी नेहमी गल्लत होते ती ‘आरएफआय’ची. ती निव्वळ माहितीची विचारणा असते आणि ती एओएनच्याही आधी निघते. आरएफपीच्या जाड गठ्ठ्यातला आमचा सर्वाधिक वेळ खाणारा भाग म्हणजे पूर्ततेचा तक्ता: डावीकडे सैन्यदलाने ठरवलेला एकेक गुणात्मक निकष, उजवीकडे ‘पूर्तता होते’ किंवा ‘होत नाही’, आणि त्यापुढे पुराव्याचे पान. इथे ‘बहुतांशी होते’ असे लिहिण्याची सोय नसते. निकषांतही दोन जाती असतात. काही गुण चाचणीच्या वेळीच हजर असावे लागतात, तर काही करारानंतर ठरलेल्या मुदतीत विकसित करून दाखवता येतात. म्हणून ‘यंत्रणा सर्व निकषांवर उतरली’ असे वाक्य वाचले, की ते कोणत्या टप्प्यावरचे आणि कोणत्या जातीचे निकष होते, हे मी आधी पाहतो.

पुढे तांत्रिक मूल्यांकन, मैदानी चाचण्या, किंमत-वाटाघाटी आणि सक्षम वित्तीय प्राधिकाऱ्याची मंजुरी असे टप्पे येतात. मोठ्या रकमेच्या बाबतीत हा प्राधिकारी म्हणजे सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती, अर्थात ‘सीसीएस’. म्हणजे ‘मंजुरी’ एकाच खरेदीत किमान दोनदा मिळते: सुरुवातीला गरजेला आणि शेवटी खर्चाला. बातमीत शब्द मात्र एकच असतो. ‘एल-१’ म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, हे आपल्याला ठाऊक असेलच. डीआरडीओने, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने, विकसित केलेल्या यंत्रणेचे उत्पादन ठरलेल्या सरकारी कंपनीकडे जाते तेव्हा वरच्या पातळीवर एल-१ची स्पर्धा जवळजवळ नसते. ती खाली आमच्यासारख्यांपर्यंत झिरपते आणि तिथे पैशा-पैशाने खेळली जाते.

एस-४०० या रशियन हवाई संरक्षण यंत्रणेच्या तारखा पाहिल्या की हे सारे टप्पे एका ओळीत दिसतात. अधिग्रहण परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये तिला संमती दिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यात ब्रिक्स परिषदेच्या निमित्ताने भारत आणि रशिया यांच्यात आंतर-सरकारी करार झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सीसीएसने खर्चाला मान्यता दिली आणि ५ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्लीत सुमारे ५.४३ अब्ज डॉलरच्या खरेदी करारावर सह्या झाल्या. प्रत्यक्ष सामग्री येऊ लागली ती २०२१ च्या अखेरीस. ‘भारताने एस-४०० घेतली’ या अर्थाचे मथळे यांतल्या जवळजवळ प्रत्येक तारखेला छापले गेले, आणि पहिल्या मथळ्यापासून पहिल्या सामग्रीपर्यंत सहा वर्षे गेली. गोव्यातला करार हा दोन सरकारांमधला होता. त्याने पुढच्या वाटाघाटींची चौकट घातली, दर आणि हप्ते ठरवले नाहीत. बरे, ही खरेदी सरकार-ते-सरकार आणि एकाच पुरवठादाराकडून असल्यामुळे इथे एल-१चा प्रश्नच नव्हता. जाता जाता हेही सांगतो, की कराराच्या बातम्यांत ‘पाच रेजिमेंट’ आणि वायुदलाच्या बातम्यांत ‘पाच स्क्वाड्रन’ असे वाचून दहा समजू नयेत. लष्कराची घडण रेजिमेंटची आहे आणि वायुदलाची स्क्वाड्रनची. आकाश क्षेपणास्त्राच्या बाबतीतही हाच घोळ होतो.

‘यशस्वी चाचणी’ हा शब्दही ‘मंजुरी’इतकाच फसवा आहे. विकास-चाचणी शास्त्रज्ञ घेतात, आणि तिचा हेतू एखादे तंत्र चालते का, हे पाहण्याचा असतो. वापरकर्ता-चाचणी सैन्यदल घेते, आणि तिथे प्रश्न असतो तो हे यंत्र आमच्या हातात, आमच्या अटींवर चालते का, हा. तिसरी चाचणी उत्पादनातून निघालेल्या साठ्यातला नमुना उचलून होते. २७ नोव्हेंबर २००६ रोजी डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्यावर पृथ्वी क्षेपणास्त्राला शत्रूचे क्षेपणास्त्र मानून ते ‘पीएडी’ या प्रतिक्षेपणास्त्राने सुमारे ५० किलोमीटर उंचीवर पाडले. ६ डिसेंबर २००७ रोजी ‘एएडी’ या दुसऱ्या प्रतिक्षेपणास्त्राने तेच काम सुमारे १५ किलोमीटर उंचीवर केले. पहिल्याला बाह्यवातावरणीय आणि दुसऱ्याला अंतर्वातावरणीय लक्ष्यभेद म्हटले गेले. शाळेत शिकवलेली अवकाशाची सीमा १०० किलोमीटरची, मग ५० ला ‘बाह्य’ कसे, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. त्याचे उत्तर कामाच्या रीतीत आहे. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की पंख वळवून क्षेपणास्त्र वळत नाही आणि त्याला बाजूच्या छोट्या ज्वलनझोतांनी ढकलावे लागते. दोन्ही चाचण्या खऱ्या आणि महत्त्वाच्या होत्या, पण दोन्ही विकास-चाचण्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत ‘अमुक शहरावर कवच बसले’ असे जे लिहिले गेले, त्याला या चाचण्यांचा आधार नव्हता.

आता पल्ल्याकडे वळतो. एस-४०० चे ‘४०० किलोमीटर’ हे तिच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या एका प्रकारच्या क्षेपणास्त्राचे, आणि तेही उंचावरून उडणाऱ्या विमानासारख्या लक्ष्याविरुद्धचे. तिच्याच दुसऱ्या क्षेपणास्त्राचा विमानांविरुद्धचा पल्ला २५० किलोमीटर सांगितला जातो. पण लक्ष्य बॅलिस्टिक क्षेपणास्त्र असेल तर निर्माता स्वतःच ६० किलोमीटर म्हणतो. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र वरून, अतिशय वेगाने येते. त्याला गाठायला मिळणारा वेळ काही सेकंदांत मोजायचा, म्हणून संरक्षित क्षेत्र आक्रसते. विमान किंवा क्रूझ क्षेपणास्त्र जमिनीलगत आले तर अडचण वेगळीच. पृथ्वी गोल आहे आणि रडारची नजर सरळ रेषेत जाते. रडारचा अँटेना जमिनीपासून २५ मीटर उंच असेल आणि लक्ष्य १०० मीटर उंचीवरून येत असेल, तर सपाट मुलखातही ते सुमारे ६२ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. मध्ये डोंगर असेल तर तेवढेही नाही. क्षेपणास्त्राचा पल्ला कितीही असो, न दिसणाऱ्या लक्ष्यावर ते सोडता येत नाही. सबब, पल्ल्याचा आकडा वाचताना कोणत्या लक्ष्याविरुद्ध आणि किती उंचीवर, हे त्याच वाक्यात नसेल तर त्या आकड्याने नकाशावर वर्तुळ काढू नये.

राहिला ‘अडवले’ हा शब्द, आणि इथे १९९१ चे आखाती युद्ध आठवल्यावाचून राहत नाही. त्या युद्धात अमेरिकेने पॅट्रियट यंत्रणा इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांविरुद्ध वापरली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पॅट्रियट बनवणाऱ्या कारखान्यातील भाषणात ४२ पैकी ४१ अडवल्याचे सांगितले. पुढे १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली, तेव्हा लष्कराकडून खुलासा असा आला, की ‘इंटरसेप्ट’ याचा अर्थ ‘नष्ट’ असा नसून पॅट्रियट आणि स्कड यांचे मार्ग आकाशात एकमेकांना छेदून गेले, असा होतो. मराठीत आपण ‘अडवले’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थांबलेली वस्तू येते. म्हणून मी हे शब्द निरनिराळे ठेवतो: प्रतिक्षेपणास्त्र सोडले तो ‘सामना’, ते लक्ष्याजवळ पोहोचले तो ‘भेट’ किंवा ‘अडवणूक’, आणि शत्रूचे स्फोटकाग्र, म्हणजे क्षेपणास्त्राचा स्फोटके असलेला भाग, निकामी झाले तरच ‘नाश’. धड तुटले पण स्फोटकाग्र शाबूत राहून गावावर पडले, तर पहिले दोन शब्द खरे ठरतात आणि तिसरा खोटा. याच कारणाने पॅट्रियटच्या पुढच्या पिढीने, म्हणजे पॅक-३ ने, जवळ जाऊन तुकडे उडवण्याऐवजी थेट धडक देण्याची रीत स्वीकारली.

टक्केवारीतही असाच खोडा आहे. एका प्रतिक्षेपणास्त्राने लक्ष्य नष्ट होण्याची शक्यता ७० टक्के धरली, तर एका लक्ष्यावर दोन सोडल्यास ती ९१ टक्के होते, कारण दोन्ही चुकण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ९ टक्के उरते. ९१ टक्के ऐकायला भक्कम वाटते. पण एकाच वेळी दहा क्षेपणास्त्रे आली आणि प्रत्येकावर दोन-दोन सोडली, तर दहाही नष्ट होण्याची शक्यता ०.९१ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३९ टक्केच भरते. त्यात आपली वीस प्रतिक्षेपणास्त्रे संपलेली असतात. खरेदीच्या कागदात लाँचरइतकेच क्षेपणास्त्रांच्या साठ्याला महत्त्व असते ते यामुळे, आणि बातमीत नेमका तोच आकडा नसतो.

शिवाय हे गणित एक गोष्ट गृहीत धरते: पहिले क्षेपणास्त्र ज्या कारणाने चुकले, त्याच कारणाने दुसरे चुकणार नाही. प्रत्यक्षात दोघांना एकच रडार आणि एकच संगणक वाट दाखवत असतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे पॅट्रियटची एक बॅटरी, म्हणजे रडार, संगणक आणि लाँचर यांची एक तुकडी, शंभरहून अधिक तास सलग चालू होती. संगणक वेळ दशांश सेकंदात मोजत होता आणि त्या संख्येचे द्विमान रूप प्रत्येक वेळी किंचित कापले जात होते; शंभर तासांत ती चूक सुमारे एक तृतीयांश सेकंदापर्यंत साठली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडारने आकाशातल्या चुकीच्या जागी पाहिले, तिथे काही दिसले नाही, आणि यंत्रणेने लक्ष्य नाही असे समजून घेतले. स्कड बराकीवर पडून २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. दुरुस्त केलेली संगणकप्रणाली दहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला. ‘सामना केलेल्यांपैकी किती’ अशा हिशेबात हे स्कड भागाकाराच्या छेदात, म्हणजे एकूण संख्येतसुद्धा, येत नाही, कारण त्याच्यावर एकही पॅट्रियट सुटलेच नव्हते.