सूल स्केरीचा सील

प्रश्न : लेकीने मला स्कॉटलंडचं एक जुनं लोकगीत ऐकवलं. सुरुवात अंगाईची आणि शेवटी त्याच बाळाच्या मरणाचं भाकीत! त्यातला सील हा जलपरीचाच प्रकार का? आणि बाळाला झोपवताना असं कोण गातं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, हे गीत सूल स्केरीच्या सिल्कीचं, म्हणजे माणसाचं रूप घेणाऱ्या सीलचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं आहेत. त्यातल्या शेटलंडमधल्या एका म्हातारीने सांगितलं तसं उतरवून घेतलेलं, १८५२ मध्ये छापलेलं. सूल स्केरी म्हणजे ऑर्कनीच्या पश्चिमेला, साठेक किलोमीटरवर, भर समुद्रातला एक ओसाड खडक.

जलपरी निराळी. ती कमरेखाली मासा. खलाशांच्या गाण्यांत ती फणी-आरसा घेऊन दिसली की जहाज बुडालंच. सिल्की मात्र पाण्यात पुरता सील, जमिनीवर पुरता माणूस. बहुतेक कथांत सील-बाई किनाऱ्यावर कातडं उतरवून ठेवते, कोणीतरी ते लपवतो आणि तिच्याशी संसार मांडतो. फेरो बेटांवर मिक्लादालूर गावात अशा बाईचा पुतळा उभा आहे. ऑर्कनी-शेटलंडचं या उत्तरेकडच्या बेटांशी जुनं नातं. १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ऑर्कनी-शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली, तोवर ती नॉर्वेच्या मुलखातच होती.

या गीतात सील पुरुष आहे. बाई बाळाला जोजवत गाते, तुझा बाप कोण, कुठल्या मुलखात राहतो, मला ठाऊक नाही. तेवढ्यात तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहतो आणि म्हणतो, मीच याचा बाप, दिसायला देखणा नसलो तरी. मग सोन्याची थैली तिच्या मांडीवर ठेवतो. मुलगा मला दे, तू तुझी दाईची मजुरी घे.

मला हे गीत इथे सर्वांत क्रूर वाटतं, पुढच्या गोळीपेक्षाही. पोटच्या पोराला दूध पाजलं, त्याचा मेहनताना! आई म्हणून तिचा हक्क एका वाक्यात संपला. पुढे तो सांगतो, उन्हाळ्यात दगड न् दगड तापेल तेव्हा मी पोराला पोहायला शिकवीन. तू एका बंदूकवाल्याशी लग्न करशील आणि त्याची पहिलीच गोळी आम्हा दोघांना लागेल. तिथेच गीत थांबतं. त्या बेटांवर तेलासाठी, कातड्यासाठी सील मारत. त्यामुळे असा नवरा मिळणं ही तिथल्या बाईसाठी अगदी रोजच्यातली गोष्ट.

असं कोण गातं, याचं माझं उत्तर : जिच्या पोराच्या बापाचं नाव गावात कोणी विचारू नये असं तिला वाटतं, ती. बाळाला यातलं काही कळत नाही, म्हणून तर त्याच्यापुढे बोलता येतं.

लेकीने ऐकवलेली चाल बहुधा अमेरिकन गायिका जोन बाएझने गायलेली असेल. ती चाल सुंदर आहे, पण १९५४ मध्ये अमेरिकेत बांधलेली. जुनी चाल फिनलंडचे अभ्यासक ओटो अँडरसन यांनी १९३८ मध्ये ऑर्कनीत लिहून घेतली. तीही मिळवून ऐका, आणि शक्यतो वाद्यांशिवाय गायलेली.