वाचकांचे प्रश्न : फोनमधला अल्बम पुसता का येत नाही?

प्रश्न : संगणकावरून आयफोनमध्ये घेतलेले दोन अल्बम फोनमधून पुसले जात नाहीत, कचरापेटीची खूणच चालत नाही. ज्या संगणकावरून ते घेतले तो आता विकून टाकला आहे. काय करता येईल?

उत्तर : फोन बिघडलेला नाही. केबल लावून सिंक केलेल्या अल्बमवर ताबा संगणकाचा असतो. 'फ्रॉम माय मॅक' किंवा 'फ्रॉम माय पीसी' या नावाखाली दिसते ती संगणकावरच्या फोल्डरची नक्कल. तिकडे बदल केला तर इकडे होतो, उलट होत नाही. म्हणून फोनवर डिलीट मिळत नाही.

जुना संगणक हवाच असे नाही. कुठल्याही संगणकावर एक रिकामा फोल्डर तयार करा. फोन जोडा, मॅकवर फाइंडर आणि विंडोजवर आयट्यून्स किंवा 'अ‍ॅपल डिव्हायसेस' उघडा, 'फोटोज'च्या टॅबवर जाऊन सिंकची खूण करा, फोल्डर म्हणून तो रिकामा निवडा आणि 'अप्लाय' दाबा. फोटोंचे सिंक एका वेळी एकाच संग्रहाशी चालते, त्यामुळे आधीचे सिंक केलेले फोटो काढून टाकू का, असे विचारले जाईल. होकार द्या. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंना धक्का लागत नाही. मात्र संगीताच्या किंवा चित्रपटांच्या टॅबवर चुकूनही खूण करू नका, तिथेही हाच नियम लागू होतो.

पुसण्याआधी एक पाहा : ते फोटो दुसरीकडे कुठे आहेत का? सिंक करताना फोटो फोनच्या पडद्याला पुरेल इतके लहान केले जाऊ शकतात, तेव्हा फोनमधली प्रत मूळ फोटोची जागा घेईल असे धरून चालू नका. मूळ फोटो हरवले असतील तर निदान ही प्रत एअरड्रॉपने किंवा मेलने बाहेर काढा, मगच पुसा. आणि आयक्लाउड फोटोज (फोटो अ‍ॅपलच्या इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवण्याची सोय) चालू असेल तर केबलचे हे सिंक बंदच राहते. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

प्रश्न : संगणकावरचे जुने फोटो अँड्रॉइड फोनमध्ये टाकले. गॅलरीत त्यांतले बरेच आजच्या तारखेला दिसतात आणि एक फोल्डर तर दिसतच नाही.

उत्तर : फोटोला दोन तारखा असतात. एक त्याच्या पोटात, म्हणजे एक्झिफमध्ये (कॅमेरा फोटोतच लिहून ठेवतो ती माहिती), दुसरी फाइलवर. केबलने कॉपी करताना फाइलवरची तारीख बहुधा कॉपी केल्याची होते. एक्झिफ शाबूत असेल तर गॅलरी ते वाचते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रांत एक्झिफ उरत नाही, म्हणून नेमके तेच आजच्या तारखेला जाऊन बसतात. 'आयएमजी-२०१९०४१२-डब्ल्यूए०००७' अशा नावात तारीख मिळते, तीच एक्झिफटूलसारख्या प्रोग्रामने फोटोत लिहा आणि मग पुन्हा कॉपी करा. शेवटचे आकडे वेळेचे नाहीत, तो नुसता अनुक्रमांक. पुढच्या वेळी मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

न दिसणाऱ्या फोल्डरात '.नोमीडिया' नावाची (इंग्रजीत लिहिलेली) रिकामी फाइल आहे का बघा. ती असली की गॅलरी तो फोल्डर ओलांडून जाते. ती काढा, फोन एकदा बंद करून चालू करा. फोल्डर 'पिक्चर्स' किंवा 'डीसीआयएम'च्या आत ठेवलेला बरा.

प्रश्न : आयफोनवरून विंडोजवर फोटो घेताना मध्येच 'डिव्हाइस इज नॉट फंक्शनिंग' येते.

उत्तर : आयफोन फोटो एचईआयसी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात ठेवतो आणि जाता जाता ते नेहमीच्या जेपेगमध्ये बदलत असतो, तिथे गाडी अडते. सेटिंग्जमधल्या फोटोजच्या पानावर अगदी तळाशी 'ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी' आहे. 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'कीप ओरिजिनल्स' निवडा. संगणकावर एचईआयसी उघडण्याची सोय मात्र वेगळी करावी लागेल. आणि 'कट' नको, 'कॉपी'च करा; दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळली की मग फोन मोकळा करा.