भारत–ऑस्ट्रेलिया ही चुरस एवढी मोठी कशी झाली, आणि टेनिस बॉलवर खेळणाऱ्या पोरांना ती बघायला कशी शिकवायची?

तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून विचारलंय. मंडळाची पोरं सहा-आठ षटकांच्या टेनिस बॉल स्पर्धा खेळतात, पाच दिवसांची कसोटी त्यांना कंटाळवाणी वाटते, आणि पाकिस्तान सोडून ऑस्ट्रेलियाशीच खरी चुरस का म्हणतात ते त्यांना पटत नाही. दोन्हीचं उत्तर एकाच जागी आहे: माती आणि चेंडू. एकाने दुसऱ्याच्या मातीत जिंकायचं कसं ते शिकायचं, मग दुसऱ्याने त्यावर तोड काढायची, असं हे पंचाहत्तरहून जास्त वर्षं चाललंय. पाकिस्तानशी कसोटी मालिका 2007 नंतर झालेलीच नाही. शिकण्याची साखळी तिथे तुटली, इथे ती चालू आहे.

सुरुवात अगदी एकतर्फी होती. 1947-48 मध्ये लाला अमरनाथांचा संघ ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाकडून 4-0 हरला. पण त्या दौऱ्यातली अ‍ॅडलेडची कसोटी पोरांना जरूर सांगा. विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतक केलं, 116 आणि 145. त्याच कसोटीत दत्तू फडकरांनी 123 केल्या. हजारेंचा जन्म सांगलीचा, फडकरांचा कोल्हापूरचा. म्हणजे तुमच्यापासून एसटीच्या अंतरावरची माणसं. तरीही भारत ती कसोटी डावाने हरला. समोर 674 धावा होत्या आणि आपल्याकडे वीस बळी घेणारी गोलंदाजी नव्हती. हे कारण पुढची कित्येक वर्षं बदललं नाही.

पहिला विजय 1959 साली कानपूरला मिळाला. ऑफस्पिनर जसू पटेल यांनी एका डावात 69 धावांत 9 बळी घेतले. पण तो आपल्या घरचा विजय. तिकडे जाऊन धक्का दिला तो 1977-78 मध्ये. मेलबर्नला चंद्रशेखर यांनी दोन्ही डावांत 52 धावांत 6 बळी घेतले, दोन्ही डावांत तोच आकडा. मालिका मात्र 3-2 अशी हरलो. 1981 मध्ये पुन्हा मेलबर्नलाच ऑस्ट्रेलियाला 143 हव्या होत्या आणि ते 83 वर संपले. कपिल देव मांडी दुखावलेली असताना टाकत होता, 28 धावांत 5 बळी. तो स्पेल मिळाला तर पोरांना जरूर दाखवा. चेंडू खाली राहतोय हे ओळखून कपिल फक्त यष्ट्यांवर मारा करतोय. खेळपट्टीने जे दिलं तेवढंच घ्यायचं, जास्त काही करायला जायचं नाही. तुमच्याकडे मॅटिंगची कड उचकटल्यावर हुशार गोलंदाज तेच करतो.

1996 पासून या मालिकेला बॉर्डर-गावसकर चषक हे नाव आहे. खरी रंगत त्यानंतर आली.

1998 ची चेन्नई बघा. पहिल्या डावात सचिन ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर वॉर्नला बळी पडला, फक्त 4 धावांवर. दुसऱ्या डावात नाबाद 155. मधल्या काळात काही चमत्कार झाला नव्हता, सगळी तयारी मालिकेआधीच झालेली होती. वॉर्न राउंड द विकेट (यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने) येऊन लेगस्टंपबाहेर, गोलंदाजांच्या बुटांनी उखडलेल्या जागेत चेंडू टाकणार हे गृहीत धरून सचिनने लेगस्पिनरकडून तिथेच चेंडू टाकून घेत सराव केला होता. तिथून वळणारा चेंडू पायाने अडवत बसायचं नाही, मिडविकेटवरून मारायचा, हे त्याने आधीच ठरवलं होतं.

2001 च्या कोलकात्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी एकच गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलिया सलग 16 कसोटी जिंकून आलेली होती, भारत 274 धावांनी मागे आणि फॉलोऑन (लगेच पुन्हा फलंदाजी) मिळालेला. लक्ष्मणला दुसऱ्या डावात तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि द्रविडला सहाव्या. चौथ्या दिवशी दोघांनी मिळून अख्खा दिवस खेळून काढला, एकही बळी न जाता 335 धावा. लक्ष्मण 281, द्रविड 180. लक्ष्मण पुढे सरसावून वॉर्नला कव्हरमधून मारत होता, आणि तोच चेंडू वळणाविरुद्ध मिडऑनकडेही. एकाच टप्प्यावर दोन फटके असले की गोलंदाजाला टप्पाच उरत नाही. आणि हरभजनने तीन कसोटींत 32 बळी घेतले नसते तर त्या 281 चं सोनं झालं नसतं. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता ऑस्ट्रेलियाने काय केलं ते महत्त्वाचं. 2004 मध्ये ते परत आले तेव्हा त्यांनी आपला स्वभाव गिळला. स्लिप कमी केल्या, यष्ट्यांवर मारा, लेगला क्षेत्ररक्षक, सीमारेषेवर माणूस ठेवून चौकार बंद. आपल्या फलंदाजांना चौकाराची सवय, ती मोडली आणि संयम सुटला. त्यांनी मालिका 2-1 जिंकली, भारतात 1969-70 नंतर पहिल्यांदा. नागपूरला तर आपल्याच घरी खेळपट्टीवर गवत होतं.

आणि सोळा वर्षांनी आपण तेच नाणं त्यांना परत दिलं. 2020-21 मध्ये स्मिथ आणि लाबुशेन यांना ऑफस्टंपबाहेर चेंडूच द्यायचा नाही, अंगावर, यष्ट्यांवर, आणि लेगला सापळा. मेलबर्नला स्मिथ पहिल्या डावात शून्यावर गेला, अश्विनच्या चेंडूवर लेगस्लिपला पुजाराच्या हाती झेल. दुसऱ्या डावात बुमराने पायामागून त्रिफळा उडवला. त्याआधी आठवडाभरापूर्वीच अ‍ॅडलेडला भारत 36 वर बाद झालेला, एकाही फलंदाजाला दोन आकडे गाठता आले नाहीत, कोहली बाळाच्या जन्मासाठी परतलेला. रहाणेने मेलबर्नला 112 केल्या. शेवटी ब्रिस्बेनच्या गॅबावर 328 चा पाठलाग झाला, जिथे ऑस्ट्रेलिया 1988 नंतर हरलेलीच नव्हती. पंतच्या नाबाद 89 सगळ्यांना आठवतात. मला पुजाराच्या 211 चेंडूंतल्या 56 जास्त मोलाच्या वाटतात. अंगावर, हेल्मेटवर चेंडू घेत त्याने कमिन्स-हेझलवूडची षटकं खर्ची पाडली, आणि पंतसमोर दमलेले गोलंदाज आले. 2018-19 मध्ये ऑस्ट्रेलियात पहिली मालिका जिंकली तेव्हाही त्यानेच 1258 चेंडू खेळून काढले होते.

घरच्या खेळपट्टीचा डाव अंगाशी कसा येतो तेही यातच दिसतं. 2017 ला पुण्याची खेळपट्टी इतकी कोरडी केली की स्टीव्ह ओ'कीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6 बळी घेतले. भारत 105 आणि 107. चेंडू सरळ पडूनही हातभर वळायला लागला की साधारण फिरकीपटू आणि अश्विन यांच्यातला फरक पुसला जातो. 2023 ला इंदूरला पुन्हा तसंच झालं, पहिल्या डावात 109. त्याच मालिकेत दिल्लीला मात्र ऑस्ट्रेलिया फसली. येण्याआधी त्यांनी बंगळूरजवळ आलूरला, कर्नाटक क्रिकेट संस्थेच्या मैदानावर, झिजलेल्या खेळपट्टीवर सराव केला होता, अश्विनच्या शैलीचा तरुण गोलंदाजही बोलावून घेतला होता. पण दिल्लीला चेंडू खाली राहत होता आणि ते स्वीप (गुडघा टेकून आडव्या बॅटने मारायचा फटका) मारत सुटले. खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर आडवी बॅट म्हणजे चेंडू खालून निसटणार. 1 बाद 61 वरून सगळे 113 ला बाद, जडेजाचे 42 धावांत 7 बळी.

2024-25 ला पर्थची पहिली कसोटी 295 धावांनी जिंकूनही आपण मालिका 3-1 ने हरलो. बुमराने एकट्याने 32 बळी घेतले, पण दुसऱ्या टोकाला साथ कमी पडली. शिवाय फलंदाज ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावत राहिले. कोहली तर मालिकाभर त्याच पद्धतीने गेला.

एकदिवसीय सामन्यांत पारडं त्यांच्याकडे झुकलंय. 2003 आणि 2023, दोन्ही विश्वचषक अंतिम सामने त्यांनी नेले. महिलांच्या सामन्यांत मात्र 30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईत उपांत्य फेरीत जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127 च्या जोरावर 339 चं लक्ष्य गाठलं. मुली खेळत असतील तर त्यांना हा सामना आधी दाखवा.

आता माती. तुमच्या जिल्ह्यात ती समजवायला फार सोपी आहे. खानापूर-जांबोटीकडे तांबडी, अथणी-रायबागकडे काळी. काळ्या मातीत चिकणाचा अंश जास्त, ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. दोन्हीकडची थोडी माती घेऊन भिजवा, लिंबाएवढ्या गोळ्या करा, सावलीत पूर्ण वाळू द्या आणि बुटाने दाबा. चिकण कमी असलेली गोळी लगेच भुगा होईल, काळी फुटायला जोर लागेल. खेळपट्टी करणारे लोक हीच परीक्षा जास्त काटेकोरपणे घेतात. पण रंगावरून निकाल देऊ नका. ऑस्ट्रेलियातली खेळपट्टीही चिकणमातीचीच असते. ती दाबून पक्की केलेली, वर गवत राखलेलं, म्हणून चेंडू पोटापर्यंत उसळतो. इकडे गवत काढून उन्हात कोरडी केली की तीच चिकण भेगाळते, चेंडू खाली राहतो आणि वळतो.

चेंडूही वेगळा. भारतात एसजी, त्याच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या, उठून दिसतात आणि बराच वेळ टिकतात. तिकडे कुकाबुरा, त्याच्या मधल्या दोनच ओळी हाताच्या, बाकी यंत्राच्या. पहिली पंधरा-वीस षटकं तो फार हलतो, पुढे मऊ पडतो. म्हणून तिकडे पहिल्या तासात 25 धावा आणि एकही बळी नाही, हा आपला तास. आठ षटकांच्या स्पर्धेतल्या पोराला हे पटत नाही, कारण त्याच्याकडे चेंडू जुना होण्याइतका सामनाच नसतो.

म्हणून बघताना पोरांच्या हातात वही द्या. एका दिवसात 90 षटकं, तीन सत्रं. प्रत्येक सत्राला चारच गोष्टी लिहायच्या: चेंडू किती षटकं जुना, धावा, बळी, आणि फलंदाजाने किती चेंडू सोडले. 80 षटकांनंतर नवा चेंडू मिळतो, त्याआधीची पाच षटकं आणि नंतरची दहा षटकं उठून जायचं नाही. वेळेचंही सांगून ठेवतो. 2024-25 ला मेलबर्न-सिडनीचे सामने आपल्याकडे पहाटे 5 ला सुरू झाले, ब्रिस्बेनचा 5:50 ला, पर्थचा 7:50 ला आणि अ‍ॅडलेडचा गुलाबी चेंडूचा सकाळी 9:30 ला. बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत पाचला उठवून पूर्ण दिवस बसवलंत तर दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. पहिला तास आणि नवा चेंडू, एवढंच पुरे.

मैदानावर दोन सराव करून घ्या. सिमेंटच्या पट्टीवर टेनिस बॉल ओला करून सोळा यार्डांवरून जोरात टाकायचा, म्हणजे तो झपकन उसळून येतो. ऑफस्टंपपासून वीतभर बाहेर खडूने रेघ मारा. 30 चेंडूंत रेघेबाहेरच्या चेंडूला बॅट लागली की एक गुण वजा. सुरुवातीला पोरं दहा-बारा गुण घालवतील. चूक बहुतेक एकच असते, डोळ्याआधी हात जातो. हात सैल, बॅट अंगाजवळ, आणि चेंडू छातीच्या उंचीने गेला तर बघत राहायचं. दुसरा सराव मातीच्या पट्टीवर. फलंदाजाच्या क्रीजपुढे सहा ते दहा फुटांवर, लेगस्टंपच्या जरा बाहेर, दोन हात रुंद जागा फावड्याने उकरून भुसभुशीत करा आणि फिरकी टाकणाऱ्याला राउंड द विकेट येऊन तिथेच चेंडू टाकायला सांगा. पहिले वीस चेंडू फक्त पुढे येऊन टप्प्यावर दाबायचे, त्यानंतरच फटका. स्वीप मात्र आधी चेंडू किती उसळतोय ते दहा चेंडू बघून मगच. घोट्याच्या वर येत नसेल तर त्या दिवशी तो फटका बंद.