जालन्यात रात्री उशिरापर्यंत चालणारं शांत चहाघर काढलं तर चालेल का?

चालेल. पण तुम्ही प्रश्नात ज्या लोकांची नावं घेतलीत, म्हणजे वाचणारे, बुद्धिबळवाले, पुण्याहून गावी परत आलेले, त्यांच्या जिवावर चालणार नाही. तुमच्या डोक्यात असं दिसतंय: रात्री नऊ ते एक-दोन, टीव्ही नाही, गाणी नाहीत, चांगला चहा, थोडी पुस्तकं, आणि बसलेल्या माणसाला कुणी उठवणार नाही. मी परभणीत साधारण अशीच जागा चालवतो म्हणून सांगतो. हौसेनं जागणारी मंडळी आठवड्यातून एखाद-दोनदा येतात, पाऊस आला की तेवढीही येत नाहीत. रोज येतात ती ज्यांना जागावंच लागतं ती. दुकान त्यांच्यासाठी उघडा. हौशी लोक त्यांच्या मागून येतात आणि मग टिकतात.

आमच्याकडे अशी माणसं म्हणजे जिल्हा रुग्णालयात पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक, स्टेशनवर गाडीची वाट बघणारे, रिक्षावाले, ड्युटी संपवून निघालेल्या नर्स, आणि सोयाबीन-कापसाच्या दिवसांत मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, गाड्या लागल्या की हमाल आणि ड्रायव्हर. शिवाय पोरं. १९७२ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे आणि आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात. एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारं लेकरू अकरा वाजता खोलीत कंटाळून बाहेर पडतंच. जालन्यात तुमच्याकडे स्टीलच्या कारखान्यांच्या पाळ्या आहेत, मोसंबीच्या हंगामात येणाऱ्या गाड्या आहेत, दवाखाने आहेत. जागा बघायला दिवसा जाऊच नका. बारा ते दोनच्या दरम्यान पायी फिरा आणि कुठल्या कोपऱ्यावर माणसं उभी दिसतात ते बघा. जिथं बसायची सोय नसतानाही लोक थांबलेत, तिथून शंभर पावलांच्या आत जागा मिळाली तर बघा. थेट त्या कोपऱ्यावर नको, कारण तिथं पानटपरी असते, आणि पानटपरीचा विषय पुढं येतोय.

भांडवलाचं विचारलंत. डिपॉझिट सोडून दीड-दोन लाखांत होतं. जुनी लाकडी बाकं, भांडी, इन्व्हर्टर, पाण्याची मोठी टाकी, संडास-बाथरूमची दुरुस्ती. सजावटीवर खर्च करू नका. खरा प्रश्न रोजच्या गल्ल्याचा आहे. घट्ट दूध, पत्ती, साखर, गॅस धरून माझा एक कप सात रुपयांच्या आसपास पडतो, विकतो पंधराला. रात्रीत एकशेवीस कप गेले तर नऊशे साठ सुटतात. त्यातून मदतनिसाचा साडेचारशे रोज आणि वीज-पाण्याचे शंभर काढा, राहिले चारशे दहा. भाडं महिना दहा हजार असेल तर दिवसाला तीनशे तेहतीस तिकडं जातात. हातात सत्त्याहत्तर रुपये. तेवढ्यावर घर चालवायला बसलात तर सहा महिन्यांत तुम्हीच चिडचिडे व्हाल, आणि चिडचिड्या माणसाच्या दुकानात कुणी निवांत बसत नाही.

म्हणून रात्रीची जागा एकट्या रात्रीच्या गल्ल्यावर उभी करू नका. आमच्याकडे त्याच गाळ्यात सकाळी माझा धाकटा भाऊ नाष्ट्याचं हाटेल चालवतो: पोहे, सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाष्टा), भजे, चहा. दुपारी बारा-एकला तो आवरतो. भाड्याचा मोठा वाटा त्याच्या सुशीलेतून निघतो आणि रात्री नऊनंतर गाळा माझा. तुम्हाला भाऊ नसला तर सकाळचा नाष्टेवाला शोधा आणि भाडं वाटून घ्या. तासावर पैसे घ्यायची कल्पना तुमच्यासारखे बरेच जण सुचवतात. पुण्या-मुंबईत चालत असेल. आपल्याकडे बसायचे पैसे मागितले की माणूस पैसे देतो आणि परत येत नाही. मी सगळ्यांना एकच भाव ठेवलाय, आत बसा की बाहेर. आत वीस आणि बाहेर दहा असं केलं असतं तर हमाल कायम बाहेर राहिला असता आणि आतली जागा चार मास्तरांचा क्लब झाली असती. चहाबरोबर उस्मानिया बिस्कीट, खारी, बन-मस्का ठेवा; त्यात सुटतं बऱ्यापैकी आणि कढई तापवावी लागत नाही.

आता शांततेचं. ती पाटी लावून येत नाही. 'कृपया शांतता राखा' लिहिलं की लोक दवाखान्यात आल्यासारखे बसतात, नाहीतर मुद्दाम मोठ्यानं बोलतात. आवाज कुठून कुठून येतो ते आधी मोजा. पहिली भट्टी. मोठ्या बर्नरची शेगडी सतत घरघरते आणि तिच्यावरून बोलायला लोक आवाज चढवतात. त्यामुळे मी हैदराबादी पद्धत धरली. डिकॉक्शन, म्हणजे चहाचा कोरा अर्क, वेगळं, झाकणाला कापड बांधून मंद आचेवर दमवलेलं. दूध वेगळं आटवलेलं. दोन्ही कपात एकत्र. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या आपल्या भागाला ही चव काही परकी नाही, जुन्या माणसांना तर इराणी हॉटेलांची आठवण येते. फायदा असा की छोट्या शेगडीवर भागतं आणि ऑर्डर आली की अर्ध्या मिनिटात कप पुढं. गुळाचा चहा ठेवणार असाल तर गूळ डिकॉक्शनमध्ये विरघळवा आणि दूध खाली उतरवून घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला की फाटतं, आणि रात्री एकला दुसरं दूध कुठून आणणार?

दुसरा आवाज खुर्च्यांचा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर ओढली की सगळे मान वळवतात. जड बाकं घ्या. गादी-लोड अजिबात नको, लोक चक्क झोपतात. बाक चारच माणसांचं ठेवा आणि दोन बाकं जोडू देऊ नका. आठ पोरं एका टेबलाला बसली की ती पोरं राहत नाहीत, सभा होते. तिसरा फ्रीज, तो मागच्या खोलीत. जनरेटर नकोच, इन्व्हर्टर घ्या. दिवा पिवळा आणि उंचीनं खाली. पांढरी ट्यूब लावायची तर दारापासून लांब बाहेर, नाहीतर पहिल्या पावसानंतर सगळे किडे तुमच्या कपात. गाण्यांचं ठरवायची गरजच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंदच असतो, आणि तेवढा आधार शेजाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना सांगायला पुरतो.

सिगारेट. रात्रीच्या टपरीचा अर्धा धंदा चहाबरोबरच्या सिगारेटचा असतो, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. ती ठेवली तर विक्री वाढेल, पण बायका येणार नाहीत, म्हातारे येणार नाहीत, आणि पोरांचं टोळकं दारात कायमचं उभं राहील. मी ठेवत नाही आणि ओढूही देत नाही. हमाल चाचा पहिल्या आठवड्यात चिडले, मग रस्त्यापलीकडे जाऊन ओढून परत यायला लागले.

पत्ते नाहीत. उधारी नाही, निदान रात्री नाही. आणि बारा वाजताचे वाढदिवस नाहीत. हे शेवटचं गमतीचं वाटेल, पण मराठवाड्यात रात्रीचं दुकान काढणाऱ्याला सगळ्यात मोठा त्रास याचाच. गाडीच्या सीटवर केक, तोंडावर फेस, फटाके, आणि एखादा हौशी तलवार घेऊन आला की पोलीस तुमच्याच दारात. गोड बोलून पहिल्या खेपेलाच नाही म्हणा: "भैया, केक घरी कापा, चहा इथं पाजतो." तसंच भाऊ-दादांच्या कार्यकर्त्यांचं. निवडणूक लागली की तुमच्या जागेवर कुणीतरी आपलं कार्यालय थाटायला बघेल, रोज पन्नास चहा सांगेल. पैसे बरे मिळतात. घेऊ नका, कारण दुसऱ्या पक्षाचा माणूस नंतर वर्षभर पाय ठेवत नाही.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकान चोवीस तास उघडं ठेवता येतं. दारू विकणाऱ्या जागांची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं शासन निर्णय काढून हेच पुन्हा स्पष्ट केलं. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. अन्न परवान्याची नोंदणी आधी करून घ्या. प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. बाई कामाला असेल तर रात्री साडेनऊनंतर तिची संमती आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची सोय तुमच्यावर. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात गस्तीवरचा शिपाई अकराला शिट्टी मारणारच. त्याच्याशी कायदा बोलू नका. उघडायच्या आधी ठाण्यात जाऊन साहेबांना भेटा, शासन निर्णयाची प्रत लॅमिनेट करून गल्ल्यावर ठेवा, कॅमेरा रस्त्याच्या बाजूनंही लावा. कॅमेरा त्यांच्याही उपयोगाचा असतो, त्यामुळे लवकरच ओळख होते. आणि गावात तणाव असेल त्या आठवड्यात नऊलाच शटर खाली. तेव्हा कागद काढायचा नसतो.

बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'सगळ्यांची जागा' म्हणताय म्हणून लिहितो. पडदा लावलेली फॅमिली रूम करू नका. पडद्यामागं कोण बसतं याची चर्चा गावभर होते आणि घरंदाज बाई फिरकत नाही. उजेड असलेला, कडी नीट लागणारा, पाणी असलेला संडास करा. माझ्याकडे नर्स यायला लागल्या त्या चहासाठी नाही, त्यासाठी. दहा ते अकरा आमची आई गल्ल्यावर बसते. तिला झोप येत नाही म्हणून बसते, पण तिला बघून शतपावलीला निघालेली जोडपी आत येतात. पाण्याचं मात्र आधीच बघा. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात काचेचे ग्लास धुवायचे तर टाकी मोठी हवी आणि टँकरवाल्याशी बोली पक्की हवी.

कार्यक्रम ठेवू का, असं विचारलंत. सुरुवातीचं वर्षभर नको. लोकांना आधी नुसतं बसू द्या. आमच्याकडे शनिवारची बैठक आपोआप सुरू झाली. दोन निवृत्त मास्तर कविता वाचत होते, बाजूच्या बाकावरच्या चाचांनी शेर ऐकवला, पुढच्या शनिवारी ते मित्राला घेऊन आले. ते तिला नशिस्त म्हणतात, मास्तर कविसंमेलन म्हणतात, माइक दोघांनाही मिळत नाही. मधल्या बाकावरचा पोरगा मात्र कानात बोटं घालून भूगोल वाचतो, आणि त्याला तो हक्क आहे. पुस्तकांपेक्षा जास्त वाचली जातात ती वर्तमानपत्रं. मराठी आणि उर्दू दोन्ही ठेवा, आणि जुने दिवाळी अंक.

एकट्यानं रोज येऊन तासन्‌तास बसणारा माणूस दिसेल. त्याला छेडू नका, पण नावानं ओळखा. दवाखान्यातला खर्च, शेतीचं कर्ज, घरातलं भांडण, काहीही असू शकतं. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मी गल्ल्याजवळ लिहून ठेवलाय. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही समुपदेशक होऊ नका, नंबर तेवढा दाखवा.

धंद्याचा हंगाम उलटा असतो हेही लक्षात ठेवा. उन्हाळा तुमचा सुगीचा काळ: दिवसभर बेचाळीस अंशांत भाजलेलं गाव दहानंतरच बाहेर पडतं. रमजानमध्ये तरावीहनंतर, म्हणजे रात्रीच्या खास नमाजनंतर, गर्दी होते आणि सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत, उघडं ठेवावं लागतं, तेव्हा जास्तीचा माणूस घ्या. कोजागरीला मसाला दूध. डिसेंबरात परभणीचा पारा असा उतरतो की बाकं रिकामी आणि शेगडीजवळ रांग. पावसाळ्यात तोटा होतो, तो धरूनच चला.

जागा पसंत पडली की मालकाशी अकरा महिन्यांचा करार कराल. त्यात 'रात्री वापरास हरकत नाही' हे वाक्य लिहून घ्या, आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं ते सही करण्याआधी विचारा. वर तान्हं लेकरू असेल तर दुसरा गाळा बघा.